धागा: भाचा दहा महिन्यांचा. डोळ्यांचं माहीत होतं, आता कानांचंही निघालं. बडोद्यात कुणाकडे जावं?

भाच्याची_आत्या | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी फक्त वाचते, लिहायची पहिलीच वेळ आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे दादा-वहिनी इथेच बडोद्यात, वाघोडिया रोडला, आणि आम्ही दांडिया बाजारात. त्यांचा मुलगा २९ व्या आठवड्यातच झाला, वजन फक्त ११०० ग्रॅम, ५२ दिवस पेटीत होता. डोळ्यांत आरओपी निघालं (फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या पडद्याचा आजार), दोन्ही डोळ्यांना लेझर केलं, तरी उजवा गेलाच. डाव्यात थोडं दिसतं, म्हणजे खिडकीकडे, बल्बकडे बघतो, वहिनीच्या लाल गाऊनकडे बघतो. हे सगळं आम्ही रडून-पडून का होईना पचवलं होतं.

मागच्या महिन्यात आईच्या हातून पोळ्यांचा स्टीलचा डबा ओट्यावरून खाली पडला. केवढा आवाज झाला, शेजारच्या गुजराती काकी सुद्धा शूं थयूं म्हणत दारात आल्या, आणि हा वहिनीच्या मांडीवर जसाच्या तसा, पापणी पण हलली नाही. मग आम्ही फाईल उकरली. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं, ओएई रेफर, म्हणजे कानाची पहिली तपासणी पास नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करणे. कुणी केलीच नाही हो. दर आठवड्याला डोळ्यांच्या वाऱ्या चालल्या होत्या त्यात ते पान उलटलंच गेलं नाही. मध्ये वहिनीने दोनदा विचारलं होतं की हा हाकेला बघत नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं दिसत नाही म्हणून लक्ष देत नसेल आणि मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं प्रीमॅच्युअर आहे, वेळ द्या. आता बेरा टेस्ट झाली. दोन्ही कानांत ८० डेसिबलच्या खाली लाट येत नाही म्हणे, म्हणजे फार मोठा आवाज असल्याशिवाय कानाची नस उत्तरच देत नाही.

कुणी म्हणतं आधी डोळ्यांचं बघा, अंधशाळेत विचारा. तिथे फोन केला तर म्हणतात ऐकू येत नसेल तर आमच्याकडे कसं चालणार. मूकबधिर शाळेत फोन केला तर म्हणतात दिसत नसेल तर खुणा कशा शिकवणार. आम्ही मधल्या मधे.

वहिनी काल रात्री मला म्हणाली, मी त्याला हाक कशी मारू. मला काही उत्तरच आलं नाही. कुणाला काही माहीत असेल तर सांगा.

---

सुरसागरची_पायरी | मंगळवार, रात्री १२:१५

आत्याबाई, झोप येत नव्हती म्हणून फोन उघडला आणि तुमचं वाचलं. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिचंही दोन्ही.

माझ्या दुसऱ्या महिन्यात दोन दिवस बारीक ताप आणि अंगावर पुरळ आलं होतं, सासूबाई म्हणाल्या उष्णतेचं आहे, सब्जा दिला, गेलं. ते रुबेला होतं. मुलगी जन्मली तेव्हा दोन्ही बुबुळांत पांढरं, मोतीबिंदू, आणि हृदयात पण एक नळी उघडी राहिलेली. पहिल्या वर्षात तीन ऑपरेशनं झाली, दोन डोळ्यांची आणि एक हृदयाचं. मोतीबिंदू निघाला, जाड भिंगाचा चष्मा लागला, आम्ही पेढे वाटले. कानाचं कधी कळलं माहितीये? तिसऱ्या वर्षी. तोपर्यंत सगळे म्हणायचे एवढी आजारपणं काढली पोरीने, बोलेल हळूहळू. रुबेला म्हटलं की डोळे, हृदय, कान ही तिन्ही तपासायची असतात हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

तुमचं दहा महिन्यांत कळलंय. मला तुमचा हेवा वाटतोय असं म्हटलं तर राग मानू नका. एकच सांगते, आधी डोळे मग कान असं करू नका, मी केलं. हे दोन आजार नाहीतच, एकच मूल आहे. जे थोडं दिसतं आणि थोडं ऐकू येतं ते दोन्ही एकमेकांच्या आधाराने वापरायला शिकतात ही मुलं, त्यामुळे एक थांबवून दुसरं होत नाही.

आणि ज्या पोरींचं लग्न व्हायचंय त्यांनी रुबेलाची लस घेतलीय का ते बघा बायांनो, गरोदरपणात नाही घेता येत, आधीच घ्यावी लागते. आता बाळांना नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग दीड-एक वर्षाच्या सुमाराला एमआर (गोवर-रुबेलाची लस) देतात, २०१७ पासून सरकारने टप्प्याटप्प्याने सुरू केलंय. माझ्या वेळी नव्हतं.

---

मांडवीचे_काका | बुधवार, सकाळी ७:०५

एवढं घाबरून जाऊ नये. आमच्या चुलत भावाचा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत एक अक्षर बोलला नव्हता आणि आता वकील आहे, थांबवावा लागतो. कानात रोज कोमट तेल सोडावं. हल्लीचे लोक टेस्टा फार करतात.

---

कानाचा_माणूस | बुधवार, सकाळी ८:३०

काका, तेल नको, हात जोडून सांगतो. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, आठवड्यात एक तरी कान तेलाने भरलेला येतो आणि आमची तपासणी लांबते. तुमच्या पुतण्याला ऐकू येत होतं, बोलत नव्हता, ही वेगळी गोष्ट.

आत्या, तुमच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो.

ओएई ही फक्त चाळणी. कानाच्या आतल्या शंखातल्या पेशी उत्तर देतात का एवढंच बघते. बेरा त्याच्या पुढचं, कानापासून मेंदूच्या बुंध्यापर्यंत नस कशी चाललीय ते बघते. पेटीत राहिलेल्या मुलांची बेरा झालीच पाहिजे, कारण यांच्यात कधीकधी शंख चांगला असतो आणि नस गडबडलेली असते, विशेषतः कावीळ जास्त झालेली असेल तर. अशा मुलाची नुसती ओएई केली तर पास येते आणि घरचे निर्धास्त. तुमच्या बाळाला कावीळ किती चढली होती, रक्त बदलावं लागलं का, कुठली अँटिबायोटिक इंजेक्शनं किती दिवस दिली, ते डिस्चार्ज कार्डावर असेल, ऑडिओलॉजिस्टला दाखवा. बऱ्याच जणांना वाटतं हे कानाशी काय संबंध. आहे.

आमच्या धंद्यात १-३-६ म्हणतात. एक महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत मशीन (श्रवणयंत्र) आणि थेरपी सुरू. तुमचे सहा गेले पण दहा म्हणजे फार नाही, फक्त आता अजून एक महिना थांबू या असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मशीन लावायला बाळ मोठं व्हावं लागत नाही. कानातला साचा मात्र दर दोन-तीन महिन्यांनी नवा करावा लागेल, कान वाढतो ना, साचा सैल झाला की मशीन शिटी मारतं आणि घरचे काढून कपाटात ठेवतात. काढू नका, साचा बदला. ओढून फेकत असेल तर नाडीची टोपी घाला, आमच्याकडच्या आज्या सुंदर शिवतात.

मशीनने पुरेसा फायदा नाही झाला तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून शंखात बारीक तार बसवतात. केंद्राच्या ॲडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी) पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना होतं, गुजरातेत शाळा आरोग्य कार्यक्रमातूनही करतात. दिसत नसलेल्या मुलाच्या बाबतीत हा निर्णय लवकर घ्यावा असं माझं मत, कारण नुसता बहिरा मुलगा ओठ बघतो, चेहरा बघतो, याला तेही नीट नाही. (मेंदूज्वरानंतर ऐकू येणं गेलं असेल तर अजूनच घाई असते, शंखात हाड भरायला लागतं आणि मग तार आत जात नाही. तुमचं तसं नाही पण कुणी दुसरं वाचत असेल म्हणून लिहिलं.)

अजून एक, हे फार कमी लोक सांगतात. ज्याला दिसतं ते बाळ आवाज झाला की मान वळवतं. ज्याला दिसत नाही ते उलट गप्प होतं, हलायचं थांबतं, ऐकण्यासाठी. बघणाऱ्याला वाटतं याचं लक्षच नाही. म्हणून मशीन लावल्यावर मान वळते का हे नका बघत बसू, हातपाय थांबतात का, चोखणं थांबतं का ते बघा.

---

मांडवीचे_काका | बुधवार, सकाळी ९:१०

बरं बाबा तेलाचं मागे घेतो. टोपी माझी बायको शिवून देईल, साईझ कळवा.

---

भाच्याची_आत्या | बुधवार, दुपारी २:२०

काका 😄 धन्यवाद, खरंच मागवीन.

फाईल परत बघितली, बिलिरुबिन म्हणजे कावीळ चढली होती, निळ्या दिव्याखाली नऊ दिवस होता. आणि ते गप्प होण्याचं वाचून वहिनी उठून बसली, म्हणाली मिक्सर लावला की हा पाय मारायचा थांबतो, मी समजत होते घाबरतो. मिक्सर आम्ही ओट्यावर लावतो आणि हा पाळण्यात असतो बाजूच्या खोलीत. मग ऐकू येतं का थोडं?

---

कानाचा_माणूस | बुधवार, दुपारी ३:००

ऐकू येत असेल किंवा फरशीतून, पाळण्याच्या दांड्यातून थरथर पोचत असेल. दोन्ही कामाचंच आहे. लिहून ठेवा, तारखेसकट.

---

हातपाटी | बुधवार, रात्री १०:५०

मी विशेष शिक्षिका, बडोद्यातच, घरी जाऊन शिकवते. मुळात मुंबईची, तिथल्या हेलन केलर इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, १९७७ मध्ये सुरू झालेली संस्था, बधिर आणि बधिरांध मुलांसाठी. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा वाटलं होतं इथे मला काम मिळणार नाही. काम भरपूर आहे, फक्त ते कुणी मोजत नाही, कारण अर्धी मुलं अंध म्हणून लिहिलेली, अर्धी मतिमंद म्हणून.

तुम्ही विचारलंत अंधशाळा की मूकबधिर शाळा. दोन्ही नाही. बधिरांधत्व म्हणजे अंध अधिक बहिरा अशी बेरीज नाही, ती तिसरीच गोष्ट आहे. अंध मुलगा कानाने जग ओळखतो, बहिरा डोळ्यांनी, आणि याला ज्या गोष्टीपर्यंत हात पोचतो तेवढंच जग. हात पोचला नाही तर ती गोष्ट नाहीच. आई खोलीतून गेली असं त्याच्यासाठी होत नाही, आई संपते. आणि मग अचानक कुणीतरी न सांगता उचलतं, कपडे काढतं, पाणी ओततं, तोंडात चमचा खुपसतं. तुम्ही स्वतःला त्या जागी ठेवून बघा एक मिनिट. मग लोक म्हणतात फार किरकिर करतो, रात्री झोपत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे सांगणं. आता वहिनींच्या प्रश्नावर येते, हाक कशी मारायची. हाक हातानेच मारायची. घरातल्या प्रत्येक माणसाचं एक नाव ठरवा जे हाताला लागेल. वहिनींच्या अंगावर रोज असणारी एखादी वस्तू घ्या, आंघोळीला सुद्धा न काढणारी. बाळाजवळ गेलं की आधी हलकेच खांद्यावर हात, मग त्याचा हात आपल्या त्या वस्तूवर, आणि थांबायचं. बाबांचं घड्याळ, आजोबांची दाढी, आजीचा चष्मा, जे असेल ते. रोज, प्रत्येक वेळी, दूध पाजायला आलात तरी आणि दुपटं बदलायला आलात तरी. पंधरा दिवस काहीच होणार नाही. वेड्यासारखं वाटेल.

मग कामांची नावं. आंघोळीआधी त्याच्या हातात रोजचा तोच तांब्या द्यायचा. खायच्या आधी चमचा. बाहेर जायचं तर, इथे सगळे चुकतात, खेळण्यातली गाडी देतात. अहो खेळण्यातली गाडी हाताला गाडीसारखी लागतच नाही, ते डोळ्यांसाठी आहे. त्याला गाडी म्हणजे काय, तुम्ही त्याला बांधता तो पट्टा, त्याचं बक्कल. ते द्या. काम झालं की वस्तू एका डब्यात टाकायची त्याच्याच हाताने, म्हणजे संपलं. आमच्या भाषेत या वस्तूंच्या रांगेला कॅलेंडर म्हणतात, नेदरलँड्सचे यान व्हान डाइक यांनी रुबेलाच्या बधिरांध मुलांबरोबर काम करताना ही पद्धत बसवली. मोठं झाल्यावर चार-पाच खणांचा डबा करतात, सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात. मसाल्याचा मोठा डबा असतो ना तसलं काहीतरी, मी एका घरी खरंच जुना मिसळणाचा डबाच वापरला होता.

हात धरायची पण एक पद्धत आहे. आपण काय करतो, त्याचं मनगट वरून पकडतो आणि वस्तूवर दाबतो. त्याचे हात हेच त्याचे डोळे, कुणी तुमचं डोकं धरून जबरदस्तीने वळवलं तर? तुमचा हात खाली, त्याचा वर. तुम्ही कणीक मळताय, त्याचा तळवा तुमच्या हाताच्या पाठीवर. वाटलं तर तो बोटं पुढे सरकवेल, नाही तर काढून घेईल. काढून घेऊ द्या.

डाव्या डोळ्यात जे आहे त्याचाही वापर हवा. खिडकीकडे तोंड करून बसवू नका, तो उजेडच पीत बसेल, दुसरं काही बघणार नाही. खिडकी त्याच्या पाठीमागे ठेवा, उजेड तुमच्या हातावर, वस्तूवर पडू दे. लाल गाऊनकडे बघतो म्हणता, मग वाटी लाल घ्या, खाली काळं कापड. इतक्या लवकर जन्मलेल्या मुलांत मेंदूतल्या बघण्याच्या भागालाही मार असू शकतो, म्हणजे डोळा बघतो पण मेंदूला अर्थ लागत नाही, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण त्यावर शिकवायची पद्धत बदलते. चष्मा दिलाय का? नसेल तर का नाही तेही विचारा.

कुठे जायचं. अहमदाबादला सेन्स इंटरनॅशनल इंडिया आहे, १९९७ पासून बधिरांध मुलांवरच काम, देशभर संस्थांना बरोबर घेऊन करतात. त्यांना आधी फोन करा, बडोद्याच्या आसपास कोण शिकवतं ते त्यांच्याकडून कळेल. वस्त्रापूरचं अंधजन मंडळ पण या मुलांना घेतं. सकाळच्या गाडीने दोन तास, संध्याकाळी घरी. आणि इथे जिल्ह्याचं डीईआयसी.

---

भाच्याची_आत्या | गुरुवार, सकाळी ६:४५

मी हे वहिनीला वाचून दाखवलं रात्री, दोनदा. ती काही बोलली नाही. सकाळी उठून बघते तर बाळाचा हात धरून आपल्या पाटलीवर ठेवून बसलीय.

डीईआयसी म्हणजे काय?

---

फाईलबहाद्दर | गुरुवार, सकाळी १०:३०

रिटायर्ड कारकून आहे, कागदाचं मी सांगतो, बाकी माझा प्रांत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, २०१३ साली सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत मुलांची तपासणी, आंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा टीम येते. यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, जन्मजात बहिरेपणा आहे, आरओपी आहे. जे सापडतात त्यांना पाठवायचं जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (कुणी ठेवलं हे नाव!). कल्पना अशी की मुलांचे डॉक्टर, कानवाले, डोळेवाले, फिजिओ, विशेष शिक्षक सगळे एका छताखाली, म्हणजे तुमची जी दोन ओपीडीत फरफट झाली ती होऊ नये. प्रत्यक्षात कोण जागेवर असतं ते आधी विचारून जा. खाजगी हॉस्पिटलात जन्मलेलं मूलही तिथे जाऊ शकतं, लोकांना वाटतं ते फक्त आंगणवाडीवाल्यांचं.

दुसरं, सर्टिफिकेट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात बहुविकलांगता, त्यात बधिरांधत्व असं स्पष्ट लिहिलंय. बोर्डासमोर जाल तेव्हा बघा काय लिहितात. बरेचदा डोळ्यांचे डॉक्टर डोळ्यांची टक्केवारी लिहून मोकळे होतात आणि कानवाल्यांच्या टेबलापर्यंत फाईल जातच नाही. यूडीआयडीच्या (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्जातच बहुविकलांगता भरा, बेराचा रिपोर्ट आणि डोळ्यांचा रिपोर्ट दोन्ही जोडा. लहान मुलाला तात्पुरतं देतात, नंतर पुन्हा करावं लागतं, घाबरू नका.

ते हातात आलं की राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपी आणि ओपीडी सुद्धा त्यात येते, आधी आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. तुमच्या बाबतीत बहुविकलांग लिहिलं असेल तरच मिळते, नुसतं अंध किंवा नुसतं बधिर लिहिलं असेल तर नाही. म्हणून म्हटलं काय लिहितात ते बघा. एका शब्दावर सगळं अडतं. इन्कम टॅक्समध्ये दिव्यांग मुलाच्या पालकांना वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी), ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा वर असेल तर १ लाख २५ हजार, पण जुन्या पद्धतीनेच रिटर्न भरत असाल तर. दादाला सीएला विचारायला सांगा.

सगळ्या कागदांच्या दहा-दहा झेरॉक्स. हसू नका.

---

रात्री_घरीच | गुरुवार, रात्री ९:१५

मी हा धागा गेले दोन दिवस वाचतोय आणि लिहू की नको चाललंय. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. जन्मापासून बहिरा. मूकबधिर शाळेत शिकला, खुणांची भाषा फर्स्ट क्लास, मित्र खूप, आम्हाला कधी वाटलंच नाही की अजून काही असेल. चालायला उशीर लागला होता त्याला, दीड वर्ष होऊन गेलं तरी तोल जायचा, पण बहिरी मुलं उशिरा चालतात म्हणाले.

साधारण दहा-अकरा वर्षांचा असताना नवरात्रात गरब्याला न्यायचो तर कोपऱ्यात उभा राहायचा, हात सोडायचा नाही. आम्ही म्हणायचो भित्रा आहे. पतंगाच्या दिवसांत गच्चीवर संध्याकाळ झाली की सगळ्यात आधी खाली उतरायचा. मग माणसांना धडकायला लागला, बाजूने आलेली गाय दिसायची नाही. घरात बोलणी खाल्ली त्याने, बघून चालता येत नाही का. विसाव्या वर्षी एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघून पहिला प्रश्न विचारला, याला ऐकू कधीपासून येत नाही. आणि दुसरा, आई-वडिलांचं नात्यात लग्न आहे का. आहे. आमचे बाबा म्हणजे आईच्या आत्याचा मुलगा.

अशर सिंड्रोम. जन्मतः बहिरेपण आणि मग दृष्टी कडेकडेने आत येत जाते, आता त्याला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. आई-बाबा दोघंही फक्त वाहक, त्यांना काहीच नाही, प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. मला झालं नाही, त्याला झालं.

बरा होणारा नाही हे माहीत आहे. पण दहाव्या वर्षी कळलं असतं तर काय झालं असतं ते सांगतो. दिसत असतानाच ब्रेल शिकवलं असतं. हातात हात धरून खुणा ओळखायची सवय लावली असती. काठी घेतली असती. आणि दहा वर्षं त्याला वेंधळा म्हटलं नसतं. जन्मतः बहिरं मूल असेल आणि चालायला उशीर झाला असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, एवढंच सांगायला आलो होतो.

---

सुरसागरची_पायरी | गुरुवार, रात्री ९:४०

भाऊ आता काय करतो?

---

रात्री_घरीच | गुरुवार, रात्री ९:५५

टाइपिंगचं काम करतो घरून, स्क्रीनवर काळ्यावर पिवळी अक्षरं मोठी करून. अंधारात मी त्याच्या तळहातावर लिहितो. परवा सेव उसळ खायला नेलं तर तळहातावर लिहून सांगितलं मला, तर्री कमी टाकायला सांग. 😀

---

भाच्याची_आत्या | अडीच महिन्यांनी, रविवार, दुपारी ४:१०

मंडळी, धागा वर काढतेय. बरेच जण व्यनि करून विचारत होते.

मशीनं लागली, दोन्ही कानांना. पहिला आठवडा नुसता ओढून काढायचा, मग काकूंची टोपी आली (निळी, काठाला कशिदा सुद्धा! काका, काकूंना सांगा). दुसरा साचा करून झाला. अहमदाबादला दोनदा जाऊन आलो, तिथून एक ताई महिन्यातून येतात आणि हातपाटीताई आठवड्यातून दोनदा. चष्मा पण लागलाय, डोळे तपासताना पहिल्यांदाच कुणीतरी कानाचा रिपोर्ट मागितला. यूडीआयडी अजून व्हायचंय, एकदा परत पाठवलं, बेराच्या रिपोर्टवर शिक्का नव्हता. फाईलबहाद्दर, झेरॉक्सना हसले होते त्याबद्दल सॉरी.

सगळं छान चाललंय असं नाही. रात्री दोन ते चार जागाच असतो. दादा अजून कुणाला सांगत नाही, ऑफिसात कुणाला माहीतच नाही. आई तुळशीपुढे उभी राहून बराच वेळ काहीतरी पुटपुटते, काय ते मी विचारत नाही.

पण एक गंमत सांगायचीय. वहिनीचं नाव पाटली ठरलं होतं ना. महिनाभर काही नाही. मग हळूहळू तिने हात पुढे केला की तो स्वतःच चाचपायला लागला, आणि पाटली लागली की हातपाय मारायचे थांबवून असा शांत. आता मागच्या आठवड्यात मी गेले होते, पाळण्याशी वाकले, तर त्याने माझं मनगट धरलं आणि खुदकन हसला, तोंड उघडून दुधासाठी पुढे आला. मी तर रडायलाच लागले. आणि मग त्याने माझ्या हाताचा वास घेतला आणि जो भोकाड पसरलाय, जो पसरलाय, अर्धा तास कुणाकडेच जाईना.

झालं काय, आमच्या आजीच्या पाटल्यांची जोडी होती. आईने मोडली नाही, एक सुनेला दिली, एक मला. अगदी एकसारख्या.

---

सुरसागरची_पायरी | रविवार, दुपारी ४:२५

अगं बाई!! म्हणजे तू त्याच्या आईचं नाव घालून गेलीस.

---

हातपाटी | रविवार, संध्याकाळी ६:००

आत्या, ही चांगली बातमी आहे, वहीत तारखेसकट लिहा. पाटली म्हणजे आई हे त्याला पक्कं कळलंय, आणि पाटली आहे पण आई नाही हेही कळलं. तुमची पाटली तिकडे जाताना काढून ठेवा. तुमचं नाव वेगळं हवं. तुमच्याकडे कायम काय असतं?

---

भाच्याची_आत्या | रविवार, संध्याकाळी ६:१०

वेणी होती, ती मागच्या वर्षीच कापली. अंगठी चालेल का?

---

कानाचा_माणूस | रविवार, संध्याकाळी ६:२०

अंगठी बारीक, दहा जणांच्या हातात असते. तुमच्या घरात चष्म्याला दोरी कुणाच्या आहे?

---

भाच्याची_आत्या | रविवार, संध्याकाळी ६:३०

कुणाच्याच नाही. मला चष्माच नाही.

---

मांडवीचे_काका | रविवार, संध्याकाळी ६:४५

बायको विचारतेय, मनगटाला बांधायला कशिद्याची पट्टी केली तर? मोठ्या गाठींची, हाताला लागेल अशी. माप पाठवा.

---

हातपाटी | रविवार, संध्याकाळी ६:५५

काकू, दोन करा. एक धुवायला जाईल.